जुना ब्लॉग स्टॅटिक साइटवर हलवायचाय? आधी पत्ते मोजा

स्टॅटिक साइट जनरेटरचं, म्हणजे लेखांच्या फायलींपासून तयार पानं बनवून देणाऱ्या प्रोग्रामचं, नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: कोणता घ्यायचा? ह्यूगो की जेकिल, की इलेव्हंटी? माझा ब्लॉग हलवायचं ठरवलं तेव्हा मीही तीन शनिवार-रविवार याच चर्चा वाचण्यात घालवले. काम संपल्यावर कळलं की जनरेटर हा या सगळ्यातला सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. एकदा बिघडलं की सावरताना नाकी नऊ येतात अशा गोष्टी दोनच: लेखांचे जुने पत्ते (यूआरएल) आणि लेखांमधला मजकूर. म्हणून या लेखात मी त्या दोहोंपाशी रेंगाळणार आहे आणि बाकीचं भराभर उरकणार आहे.

एक खुलासा आधीच करतो. इथे आज्ञा, फायलींची नावं, पत्ते सगळं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत करायचं.

नेमकं काय बदलतं

वर्डप्रेससारख्या ब्लॉगवर वाचक पान मागतो तेव्हा सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्राम चालतो, डेटाबेसमधून लेख काढतो, त्याला थीमचे कपडे चढवतो आणि पान पाठवतो. मध्ये कॅशे असेल तर ही धावपळ कमी होते, पण यंत्रणा तीच. स्टॅटिक साइटमध्ये सगळी पानं तुमच्या संगणकावर आधीच छापून तयार असतात. सर्व्हरने फक्त मागितलेली फाइल हातात द्यायची. लेख साध्या मजकुराच्या फायलींत राहतात, थीम वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि जनरेटर दोन्ही एकत्र करून एचटीएमएल पानं काढून देतो.

फायदा उघड आहे. प्लगइन अद्ययावत करण्याची कटकट संपते, चोराने शिरावं असं लॉगिनचं पान साइटवर उरत नाही, होस्टिंग बहुधा फुकटात भागतं आणि लेख तुमच्या मालकीच्या फोल्डरमध्ये असतात.

तोटेही ऐका. फोनवरून चटकन लेख टाकणं अवघड होतं. प्रतिक्रिया, शोध आणि संपर्काचा फॉर्म यांची वेगळी सोय करावी लागते. 'उद्या सकाळी सात वाजता आपोआप प्रसिद्ध कर' असं सांगता येत नाही, कारण पानं पुन्हा छापल्याशिवाय नवा लेख दिसतच नाही. तुमच्या ब्लॉगवर चार जण लिहीत असतील आणि त्यातल्या तिघांना टर्मिनल म्हणजे काय ते माहीत नसेल, तर इथेच थांबा. आहे ते बरं आहे.

पहिलं काम: यादी

कशालाही हात लावण्याआधी चालू ब्लॉगवरच्या प्रत्येक पानाचा पत्ता स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. एकेक पान उघडत बसायची गरज नाही, साइटमॅप नावाच्या फाइलीत लेखांचे सगळे पत्ते असतात. ब्लॉगरवर पत्त्यापुढे साइटमॅप डॉट एक्सएमएल लिहा. वर्डप्रेसवर ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, डब्ल्यूपी-साइटमॅप डॉट एक्सएमएल आपोआप तयार होतं.

रकाने पाच ठेवा: जुना पत्ता, शीर्षक, तारीख, नवा पत्ता, तपासलं का. शेवटचे दोन सध्या रिकामे राहतील. 'माझ्याविषयी'सारखी सुटी पानं आणि फीडचा (नवे लेख वाचकांच्या ॲपपर्यंत पोचवणाऱ्या फाइलीचा) पत्ताही यादीत घ्या. आकडेवारी ठेवत असाल तर सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या वीस पानांवर खूण करा, शेवटी ती हाताने तपासायची आहेत.

माझ्या अंदाजाने माझे अडीचशे लेख होते. यादीत ३८६ निघाले. हा आकडा पुढे फार उपयोगी पडतो: रूपांतर झाल्यावर ३७९ फायली दिसल्या, तेव्हा सात लेख कुठे गळाले हे शोधायला हवं, हे मला त्यामुळेच कळलं.

सगळं स्वतःच्या संगणकावर आणा

वर्डप्रेसमध्ये 'टूल्स' आणि मग 'एक्सपोर्ट' या वाटेने एक एक्सएमएल फाइल मिळते. तिच्यात लेख, पानं, वर्गवारी, प्रतिक्रिया असतात. चित्रं नसतात, त्यांचे फक्त पत्ते असतात. चित्रं 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमधल्या 'अपलोड्स'मध्ये असतात, तो अख्खा फोल्डर वेगळा उतरवून घ्या. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे आणि गूगल टेकआउटमधूनही ब्लॉगरचा मजकूर काढता येतो.

त्या एक्सएमएल फाइलबद्दल एक सावधगिरीची सूचना. वर्डप्रेसच्या निर्यातीत प्रतिक्रिया देणाऱ्यांचे ईमेल आणि आयपी पत्ते असतात. तुमचे अर्धवट मसुदे असतात, 'खाजगी' म्हणून ठेवलेले लेख असतात, पासवर्ड लावलेल्या लेखांचे पासवर्डही असतात. ही फाइल ब्लॉगच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तो फोल्डर पुढे गिटमध्ये (फायलींचा इतिहास जपणारं साधन) आणि तिथून इंटरनेटवर जाणार आहे.

आता चित्रांची गंमत. ब्लॉगरवरच्या चित्राचा पत्ता नीट पाहिला तर मध्ये एस३२० किंवा एस१६०० असा तुकडा दिसेल. ती चित्राची मापं आहेत. लेखात दिसतं ते ३२० पिक्सेलचं छोटं रूप, त्यावर टिचकी मारली की उघडतं ते मोठं. वर्डप्रेसवर हेच फाइलच्या नावाच्या शेवटी -३००x२२५ अशा शेपटीने कळतं. मी चित्रं उतरवायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिने लेखात जे दिसतं तेच इमानेइतबारे उतरवलं. नव्या साइटवर सगळे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे. चूक माझीच. ब्लॉगरच्या पत्त्यात एस३२० च्या जागी एस० लिहिलं की मूळ मापाचं चित्र मिळतं. वर्डप्रेसचं मूळ चित्र हवं तर ती शेपटी काढून टाकायची.

एखादं चित्र मूळ जागेवरूनच नाहीसं झालं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या लेखाचा पत्ता टाकून पाहा. बऱ्याचदा सापडतं.

जनरेटर: अर्ध्या तासात निवडा

जेकिल यातला जुना. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये रूबी भाषेत लिहिलेला, आणि गिटहब पेजेसवर (गिटहबची होस्टिंगची सेवा) तो मुळातच बसवलेला असतो. ह्यूगो स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये गो भाषेत सुरू केला. तो एकाच फाइलीत येतो, सोबत दुसरं काही बसवावं लागत नाही, आणि शेकडो लेख क्षणात छापतो. इलेव्हंटी झॅक लेदरमन यांचा, जावास्क्रिप्टमधला. पायथनवाल्यांसाठी पेलिकन आहे.

प्रोग्रामिंगशी फारसा संबंध नसेल तर ह्यूगो घ्या. रोज जावास्क्रिप्ट लिहीत असाल तर इलेव्हंटीत हात मोकळा राहील. यापलीकडे विचार करू नका. चारही जण मार्कडाउन वाचतात. ही जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली, साध्या मजकुरात लिहायची पद्धत आहे. लेख एकदा मार्कडाउनमध्ये आले की दोन वर्षांनी जनरेटर बदलणं हे एका रविवारचं काम.

पुढची उदाहरणं मी ह्यूगोची देतोय. तो घेणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुष्कळ थीमना त्याची 'एक्स्टेंडेड' आवृत्ती लागते, म्हणून सुरुवातीलाच ती घ्या. आणि आवृत्तीचा क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा. घरी चालणारी साइट होस्टवर कोसळते, तेव्हा दोन्हीकडच्या आवृत्त्या वेगळ्या असणं हे नेहमीचं कारण असतं.

एकच लेख, हाताने

सगळे लेख एकदम ओतायचा मोह होईल. आवरा. आधी एक लेख हाताने हलवा.

टर्मिनलमध्ये 'ह्यूगो न्यू साइट' आणि पुढे फोल्डरचं नाव लिहा. रिकामा सांगाडा तयार होईल. थीम उतरवून 'थीम्स' फोल्डरमध्ये ठेवा, कॉन्फिग, म्हणजे साइटच्या सेटिंग्जच्या, फाइलमध्ये तिचं नाव घाला. मग 'कंटेंट' फोल्डरमध्ये 'पोस्ट्स' नावाचा फोल्डर करून त्यात डॉट एमडी अशा शेवटाची एक फाइल बनवा. तिच्या माथ्यावर लेखाची ओळख लिहायची असते, तिला फ्रंट मॅटर म्हणतात. ती अशी दिसते:

---
टायटल: "घड्याळ: एक फसलेली दुरुस्ती"
डेट: २०१२-०५-१७
यूआरएल: "/२०१२/०५/ब्लॉग-पोस्ट_१७.एचटीएमएल"
टॅग्ज: ["आठवणी", "दुरुस्ती"]
ड्राफ्ट: फॉल्स
---

वर आणि खाली तीन-तीन आडव्या रेघा, मध्ये माहिती. अंक इथे देवनागरीत दिसले तरी फाइलीत ते इंग्रजीच हवेत. शीर्षक कायम अवतरणचिन्हांत ठेवा: शीर्षकात विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे मोकळी जागा आली की अवतरणाशिवाय फाइलीचं गणित चुकतं आणि जनरेटर भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. समास सोडायला टॅब वापरू नका, स्पेस वापरा.

त्याखाली लेख चिकटवा आणि 'ह्यूगो सर्व्हर' ही आज्ञा द्या. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:१३१३ उघडलं की साइट दिसेल. फाइल बदलून सेव्ह केली की पान स्वतःच ताजं होतं. पहिल्यांदा हे पाहताना मजा वाटते, मला अजून वाटते.

लेख दिसलाच नाही तर घाबरू नका, दोन जागा तपासा. 'ड्राफ्ट'पुढे 'ट्रू' असेल तर ह्यूगो तो लेख छापत नाही. आणि तारीख भविष्यातली असेल तरीही छापत नाही. दुसरं कारण फसवं आहे: तारखेसोबत वेळ लिहिली पण टाइम झोन लिहिला नाही, तर ह्यूगो ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतो. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर आत्ता लिहिलेला लेख त्याच्या हिशेबी काही तासांनी लिहिला जाणार असतो. कॉन्फिगमध्ये टाइम झोन एकदाच नोंदवून ठेवा.

बाकीचे लेख आणि वाटेतली पडझड

रूपांतरासाठी तयार साधनं आहेत. वर्डप्रेसच्या एक्सएमएलसाठी 'वर्डप्रेस-एक्सपोर्ट-टू-मार्कडाउन', ब्लॉगरसकट अनेक ठिकाणांहून आणण्यासाठी 'जेकिल-इम्पोर्ट', आणि कुठल्याही एचटीएमएलचं मार्कडाउन करायला पॅनडॉक. साधन चालवणं पाच मिनिटांचं काम. त्यानंतर पडझड पाहणं हे खरं काम, आणि त्यातली बरीचशी गुपचूप होते, लाल अक्षरांत चूक म्हणून येत नाही.

सर्वांत आधी कविता पाहा. मार्कडाउनमध्ये एकदा एंटर मारलं तर नवी ओळ होत नाही, दोन्ही ओळी जोडून एकच परिच्छेद होतो. रूपांतरात ओळीच्या शेवटच्या खुणा हरवल्या की चार कडव्यांची कविता चार सलग परिच्छेद होऊन बसते. ओळ तोडायला तिच्या शेवटी दोन स्पेस किंवा एक उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. दोन स्पेस डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही संपादक सेव्ह करताना त्या पुसतात, म्हणून मी उलटी रेघच वापरतो. ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस सोडून कडवं आत घेतलं असेल तर त्याचा कोडचा ठोकळा होतो, करड्या रंगाच्या चौकटीत. कवितेचे इतके हाल छापखान्यातही होत नसतील.

दुसरं, तक्ते आणि व्हिडिओ. ह्यूगो मार्कडाउनमधलं कच्चं एचटीएमएल मुळात छापत नाही. सुरक्षिततेसाठी तो ते गाळतो आणि जागेवर 'रॉ एचटीएमएल ओमिटेड' अशी न दिसणारी टीप ठेवतो. पान वरवर ठीक दिसतं, फक्त मधला तक्ता गायब. 'पब्लिक' फोल्डरमध्ये, म्हणजे छापून झालेल्या पानांत, हे शब्द शोधले की कुठे काय गळलं याची यादीच मिळते. लेख फक्त तुमचेच असतील तर कॉन्फिगमध्ये गोल्डमार्क (ह्यूगोतला मार्कडाउन वाचणारा घटक) या भागातली 'अनसेफ' ही सेटिंग 'ट्रू' करून टाका. नाव भीतीदायक आहे, पण स्वतःच्याच लेखांपासून धोका नसतो.

तिसरं आपल्या लिपीचं खास दुखणं, आणि याबद्दल इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत बहुधा वाचायला मिळणार नाही. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतला अर्धा र जुन्या काही कीबोर्डांवर र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह असा उमटायचा. आता आपण बहुधा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतो. दिसायला दोन्ही सारखेच. पण मजकुरातला कचरा साफ करणाऱ्या स्क्रिप्टला ते अदृश्य चिन्ह कचराच वाटतं. ती ते उडवते आणि जोडाक्षर साधं होतं. माझ्या भटकंतीच्या एका लेखात 'तीन दऱ्या ओलांडल्या' होतं, त्याचं झालं 'तीन दर्या ओलांडल्या'. सहा तासांच्या पायपिटीची समुद्रसफर झाली आणि पाच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळा. साफसफाईच्या आधी सगळ्या फायलींत 'र, हलन्त, अदृश्य चिन्ह' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' असं शोधा-आणि-बदला चालवा. पुढे साइटवर शोधाची सोय केलीत तर त्यालाही याचा फायदा होतो, एकाच शब्दाची दोन रूपं उरत नाहीत.

किरकोळ गोष्टीही असतात. परिच्छेदाची सुरुवात इंग्रजी अंकांतल्या वर्षाने झाली आणि लगेच पूर्णविराम व स्पेस आली, तर मार्कडाउनला ती क्रमांकांची यादी वाटते. वर्डप्रेसचे चौकटी कंसातले शॉर्टकोड, गॅलरी किंवा कॅप्शनचे, जसेच्या तसे अक्षरं म्हणून उमटतात. एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे जाणाऱ्या लिंक पूर्ण जुन्या पत्त्याच्या असतात, त्या तिरप्या रेघेपासून सुरू होणाऱ्या करून घ्या, म्हणजे डोमेन कुठलंही असो, चालतील.

सगळे ३८६ लेख वाचून तपासणं मला जमलं नाही, तुम्हालाही जमणार नाही. कविता, तक्ते, व्हिडिओ असलेले सगळे, खूण केलेले वीस, आणि उरलेल्यांतले कुठलेही तीस, एवढं केलं तरी बहुतेक रोग सापडतात.

पत्ते जपणं

तुमच्या लेखाची लिंक कुणीतरी दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या लेखात दिलेली असते, कुणी मित्राला पाठवलेली असते. ती तुटली तर ते तुम्हाला कळवायला येत नाहीत, फक्त परत फिरतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुन्या लेखांचे पत्ते बदलायचेच नाहीत. फ्रंट मॅटरमध्ये 'यूआरएल'पुढे डोमेन सोडून उरलेला जुना पत्ता अक्षरशः तसाच लिहा, वरच्या उदाहरणात आहे तसा. जेकिल आणि इलेव्हंटीत याच कामाला 'परमालिंक' लिहितात. स्प्रेडशीट हाताशी आहेच, छोट्या स्क्रिप्टने हे सगळ्या फायलींत एकदम भरता येतं. दिसायला कुरूप असलं तरी चालेल. नीटनेटके पत्ते नव्या लेखांना द्या.

मराठी ब्लॉगांचे पत्ते कुरूप असतातच. ब्लॉगरला शीर्षकात रोमन अक्षर सापडलं नाही की तो 'ब्लॉग-पोस्ट' असं नाव ठेवून मोकळा होतो आणि पुढच्यांना _१७, _२३ असे आकडे जोडतो. वर्डप्रेस शीर्षक देवनागरीत ठेवतो, पण ते टक्केचिन्हांच्या भाषेत. तिथे एकट्या 'क'चं '%ई०%ए४%९५' होतं, म्हणजे नऊ जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांनाही प्रत्येकी नऊ. 'स्वातंत्र्य' या एका शब्दात अशी ११ चिन्हं आहेत, म्हणजे ९९ जागा. आणि वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० वर कापतो. त्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर शीर्षक अर्ध्यातच तुटलेलं असतं. नवा पत्ता शीर्षकावरून पुन्हा बनवलात तर तो पूर्ण होईल आणि म्हणूनच जुन्याशी जुळणार नाही. तुटलेला भाग तुटलेलाच उतरवून घ्या.

काही साधनं तर शीर्षकावरून पत्ता बनवताना काना-मात्रा गाळून टाकतात, त्यांच्या लेखी ती 'अक्षरं' नसतात. 'कविता'चं 'कवत' होतं. म्हणून नव्या लेखांसाठी 'स्लग', म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा, हाताने, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहायची सवय लावा.

जिथे पत्ता बदलणं भागच आहे तिथे रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारी सूचना) लागतो. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेस या दोन्ही होस्टिंग सेवा '_रीडायरेक्ट्स' नावाची साधी फाइल वाचतात: ओळीत आधी जुना पत्ता, मग नवा, मग ३०१. हा आकडा सर्च इंजिनला सांगतो की घर कायमचं बदललंय. गिटहब पेजेसवर ही सोय नाही. तिथे ह्यूगोचं 'अलायसेस' वापरा. ते जुन्या पत्त्यावर एक रिकामं पान ठेवतं आणि ते पान वाचकाला पुढे ढकलतं. दुय्यम उपाय, पण चालतो.

एक अपवाद राहतो. तुमचा ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर नसून फुकटच्या उपडोमेनवर असेल, उदाहरणार्थ ब्लॉगस्पॉटवर, तर तिथल्या सर्व्हरवर रीडायरेक्ट लावणं तुमच्या हातात नाही. जुना ब्लॉग तसाच ठेवा, टेम्प्लेटमध्ये सर्वांत वर नव्या पत्त्याची ठळक पट्टी लावा आणि तो पुसू नका.

थीम, फॉन्ट

इथे फार थांबत नाही. एकच गोष्ट नक्की करा: कॉन्फिगमध्ये भाषेचा कोड मराठीचा, म्हणजे 'एमआर' ठेवा आणि तो पानाच्या एचटीएमएलमध्ये उतरतोय ना ते पाहा. अनेक थीम तिथे इंग्रजीचा कोड ठोकून ठेवतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी भरलेली असतात आणि हा कोड दिसला तरच ती बाहेर येतात. पान वाचून दाखवणारी साधनंही यावरूनच उच्चार ठरवतात. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळींत आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांना धडकतात.

प्रतिक्रिया, शोध, फॉर्म

जुन्या प्रतिक्रिया मी लेखाखाली साध्या मजकुरात गोठवून ठेवल्या, नाव आणि तारीख ठेवून, ईमेल काढून. नव्यांसाठी गिस्कस हे साधन गिटहबच्या चर्चांवर चालतं, पण वाचकाकडे गिटहबचं खातं लागतं. तुमचे वाचक प्रोग्रामर नसतील तर ती भिंतच झाली. मी लेखाखाली 'मला ईमेल करा' एवढंच ठेवलंय. पत्रं कमी येतात आणि लांब येतात.

शोधासाठी पेजफाइंड पाहा. साइट छापून झाल्यावर ते चालवलं की पानांची सूची बनवतं आणि शोध वाचकाच्या ब्राउझरमध्येच होतो. फॉर्मसाठी बाहेरची सेवा घ्यावी लागते. मी फॉर्मच काढून टाकला.

गिट, होस्ट, डोमेन

फोल्डर गिटमध्ये घाला, गिटहबसारख्या ठिकाणी चढवा आणि होस्टला त्याच्याशी जोडा. मग प्रत्येक 'पुश'नंतर, म्हणजे बदल तिथे चढवल्यावर, होस्ट साइट स्वतः छापतो. होस्टच्या सेटिंग्जमध्ये ह्यूगोची तीच आवृत्ती नोंदवा जी तुमच्याकडे आहे. छापलेला 'पब्लिक' फोल्डर गिटमध्ये घालू नका.

गिटहब पेजेस फुकट खात्यावर वापरायचं तर रिपॉझिटरी (गिटमधला तुमचा फोल्डर) सार्वजनिक लागते. म्हणजे 'ड्राफ्ट: ट्रू' लिहिलेला मसुदा साइटवर दिसत नसला तरी रिपॉझिटरीत कुणीही वाचू शकतो. तिथे साइटच्या आकाराला १ जीबीची मर्यादा आहे आणि १०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब घेतच नाही. फोटो चढवण्याआधीच १६०० पिक्सेलपर्यंत लहान करा. गिट सगळा इतिहास जपतं, एकदा आत गेलेला भलामोठा फोटो नंतर पुसला तरी जागा अडवूनच बसतो. फायलींची नावं देवनागरीत असतील तर गिट ती \३४०\२४४ अशा आकड्यांत दाखवेल. 'कोअर डॉट कोटपाथ' ही सेटिंग 'फॉल्स' केली की नावं वाचता येतात.

आणखी एक सापळा: विंडोज आणि मॅकवर साधारणपणे 'फोटो डॉट जेपीजी'मधली अक्षरं कॅपिटल की स्मॉल याने फरक पडत नाही, होस्टच्या लिनक्सवर पडतो. घरी दिसणारी चित्रं तिथे गायब झाली तर आधी हे पाहा.

साइट आधी होस्टने दिलेल्या तात्पुरत्या पत्त्यावर चालवून पाहा. स्प्रेडशीटमधले सगळे मार्ग त्या पत्त्याला जोडून तपासा. लिंक तपासणारी साधनं मिळतात, चारशे पत्त्यांना दोन मिनिटं लागतात. सगळं जुळलं की डोमेन वळवायचं. एक दिवस आधी डीएनएसमधला (डोमेनच्या नोंदींमधला) टीटीएल, म्हणजे नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे गडबड झाली तर पाच-दहा मिनिटांत मागे फिरता येईल. फक्त साइटच्या नोंदी बदला, एमएक्स नोंदींना हात लावू नका. त्या ईमेलच्या असतात, आणि त्या पुसल्या की दोन दिवस 'आज कुणाचीच मेल कशी नाही' असं वाटत राहतं.

पहिला आठवडा

फीडकडे लक्ष द्या. ह्यूगो मुळात फीडमध्ये सगळे लेख घालतो आणि फीड वाचणारी ॲप लेखाची ओळख त्याच्या आतल्या खुणेवरून पटवतात. वर्डप्रेसची ती खूण वेगळी, ह्यूगोची वेगळी. मर्यादा घातली नाही तर तुमच्या जुन्या वाचकांना एका सकाळी चारशे 'नवे' लेख दिसतील. कॉन्फिगमध्ये फीडची मर्यादा दहावर आणा आणि जुन्या फीडच्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट लावा.

चुकलेल्या वाटेचं, म्हणजे ४०४ चं पान मराठीत लिहा आणि त्यावर सर्व लेखांच्या यादीची लिंक द्या. गूगल सर्च कन्सोलमध्ये नवा साइटमॅप नोंदवा, पुढचे काही आठवडे न सापडलेल्या पानांची यादी तिथे दिसत राहते. माझ्याकडे अशी अकरा निघाली. त्यातली नऊ जुन्या महिनावार संग्रहाची पानं होती, ती मी सोडून दिली. दोन खरे लेख होते, सुरुवातीला गळालेल्या त्या सातांपैकी.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, निदान तीन महिने पैसे भरत राहा. मला साडेदहाव्या आठवड्यात एका लेखातलं चित्र तिथूनच परत आणावं लागलं.